तांब्याभर पाणी

झाडं गिऱ्हाइकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. प्रमिलाबाई नर्सरीत आपलं पहिलंच ऑर्किड घ्यायला गेल्या. फुलांनी लगडलेलं ऑर्किड म्हणालं, “मला न्या, घर उजळेल.”

शेजारच्या, नुसत्या कळ्या धरलेल्या ऑर्किडनं विचारलं, “बाई, पाणी कधी घालाल?”

“रोज सकाळी तांब्याभर. तुळशीला घालते तसंच.”

“मग मला नेऊ नका. माझी मुळं कुजतील.”

“भलतंच आगाऊ आहे!” म्हणत बाईंनी फुलांचं ऑर्किड उचललं.

महिन्याभरानं त्या रिकामी कुंडी घेऊन परत आल्या. कळ्यांचं ऑर्किड आता फुललं होतं, पण फुलांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्याच्यासमोर खाली बसून त्यांनी हळूच विचारलं, “बाळा, तुला तहान कधी लागते?”