काठावरच्या वगारी

माणसाला अजून दावं वळता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. म्हशींचा एक कळप तळ्यात डुंबायचा. थोरल्या म्हशी मधोमध, खोल पाण्यात बसायच्या आणि कळपाचा कारभार तिथूनच हाकायच्या. पोरवयाच्या वगारींनी काठाला बसायचं, अशी रीत होती.

एकदा टिकली नावाची वगार काठावरून ओरडली, "मोरीआजी, पाणी आटतंय!"

कळपाची म्होरकी मोरी रवंथ करत हसली. "माझी पाठ बघ, कशी गारेगार आहे! आधी शिंगं वीतभर होऊ देत, मग कारभारात बोल."

दुसऱ्या दिवशी वगारी पाण्यामागे सरकल्याच नाहीत. आपल्या जुन्या जागीच, भर उन्हात, सगळ्या मिळून हटून बसल्या. "हा कसला हट्ट?" म्हणत मोरी तणतणत आली आणि थबकली. पोरी होत्या तिथेच होत्या, पण त्यांच्या पोटाखाली चिखल सुकून तडकला होता. पाणी पार लांब गेलं होतं.

टिकलीने तिला तळ्याची खालची बाजू दाखवली. खेकड्यांनी काठ पोखरला होता आणि तिथून पाणी वाहून चाललं होतं. मोरीला चूक कळली. ती स्वतः चिखल तुडवायला लागली, तसा सगळा कळप तिच्यामागे उतरला. संध्याकाळपर्यंत भोक बुजलं.

सकाळी मोरी काठाला येऊन उभी राहिली.

"आजी, तुझी जागा तिकडे मधे," टिकली म्हणाली.

"तिकडे बसलं की आपली पाठ तेवढी कळते, पोरी. तळं इथूनच कळतं," मोरी म्हणाली. "सरक जरा."