पंपाचं घर, भोंग्याचं घर

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव दौलत. सरपंचांचा सख्खा भाचा, म्हणून पाणीयोजनेचं काम घेतलेल्या कुसुमताईंना तो ठेवून घ्यावा लागला. "पोरगा हुशार आहे," सरपंच म्हणाले. ताईंनी मान डोलावली. काय करणार?

योजनेचा मुख्य प्रोग्रॅम सोप्या भाषेत होता. पंप आणि आगीचा भोंगा चालवणारा वेगवान भाग सी भाषेत लिहून त्याला जोडायचा होता. उद्घाटनाला पाणी वेळेवर आलं आणि वेळेवर थांबलं, तर आणखी बारा गावांचं काम ताईंना मिळणार होतं. नाहीतर दुकानाला टाळं.

दौलतने पंप चालवणाऱ्या फंक्शनला, म्हणजे एक काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला, नाव दिलं 'सुरू'. भोंगा वाजवणाऱ्यालाही 'सुरू'. चाचणीला पंपाचं बटण दाबलं, तर भोंगा कोकलला. अख्खं गाव बादल्या घेऊन आग शोधत फिरलं. सापडली नाही, तेव्हा फार चिडलं.

"अरे, दोघांना एकच नाव?" ताई म्हणाल्या. "नेमस्पेस कर. म्हणजे ज्याला त्याला घर दे. हाक मारताना आधी घराचं नाव घ्यायचं."

"बरं, ताई."

दुसऱ्या दिवशी तीनशे फंक्शनं आणि तीनशे घरं. कोण कुठे राहतो, हे दौलतलाही सांगता येईना.

"एकेकाला वेगळं घर? अरे, एका कुळातले एकत्र ठेव!"

"बरं, ताई."

तिसऱ्या दिवशी सगळे 'सुरू' एका घरात, सगळे 'बंद' दुसऱ्या घरात. नाव सारखं, म्हणजे कूळ एकच. बटण दाबलं. पुन्हा भोंगा! या खेपेला गाव बादल्या घरी ठेवून काठ्या घेऊन आलं.

"पोरगा हुशार आहे," सरपंच म्हणाले. "घाई करू नका."

शेवटी ताईंनीच पंपाचं एक घर केलं, भोंग्याचं एक. सगळं नीट चाललं. उद्घाटनाच्या सकाळी त्या दौलतला म्हणाल्या, "आता एवढंच कर. बाहेरच्यांना, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला, जे लागतं तेवढंच दाराशी ठेव. बाकीचं आत."

"बरं, ताई."

इतकं चटकन समजलं, म्हणून ताईंना बरं वाटलं. तिथेच त्या चुकल्या.

सरपंचांनी बटण दाबलं. पंप चालला. टाळ्या पडल्या. टाकी भरली, वाहू लागली, पाणी मांडवात शिरलं.

"बंद कर, दौलत!"

"'बंद' आत ठेवलंय, ताई. आज उद्घाटन. बंद करायचं कुणी म्हणालं नव्हतं."

बारा गावांची फाईल छातीशी धरून जिल्ह्याचे साहेब घोटाभर पाण्यात उभे होते. सरपंच खुर्चीवर चढले. पोरगा हुशार असल्याचं ते या वेळी काही बोलले नाहीत.

"पंपघरात पळा! मेन स्विच पाडा!" ताई ओरडल्या. माणसं धावली. पंपघराच्या दाराला मुठीएवढं कुलूप होतं. कालपर्यंत ते नव्हतं.

"किल्ली कुठाय?"

दौलतची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने न सांगता काहीतरी केलं होतं.

"आत ठेवली आणि कुलूप दाबून टाकलं, ताई. बाहेरच्यांना किल्ली कशाला लागतेय?"