नवी रॅम, जुनी रॅम

“मग आप्पा, जुनी काढून टाकू ना?”

रेवण असा धावत आला होता की एक चप्पल पायात आणि दुसरी ओसरीवरच राहिली होती.

आप्पा मठाच्या ग्रंथखोलीत एका पोथीचं फडकं झटकत बसले होते.

“जुनी काय?”

“रॅम, आप्पा! संगणकाची! नवी आली!”

हा संगणक रेवणने स्वतः जोडला होता. सुटे भाग सोलापुरातून आणून, मोबाइलवर व्हिडिओ बघून, चार दिवस स्क्रू हरवत आणि शोधत. तेव्हापासून गड्याची छाती फुगलेलीच होती.

मठातल्या पोथ्यांना वाळवी लागली होती. एकेका पानाचा फोटो काढायचा आणि संगणकात पोथी जुळवून ठेवायची, हे काम आप्पांनी दोन शिष्यांवर सोपवलं होतं. पानं उलटायला चिदानंद, संगणकावर रेवण.

आप्पांना रॅममधलं ओ की ठो कळत नव्हतं.

“म्हणजे बघा,” रेवण खाली बसला, लगेच उठला. “काम करताना संगणक जे हाताशी धरतो ना, ते या पट्टीत. जुनी पट्टी आठ जीबीची. नवी सोळाची. आणि वेग तर... आप्पा, सुसाट!”

“मग लाव की.”

“लावली. सकाळीच. दोन्ही एकत्र. पण जुनी हळू आहे. ती सोबत असली की नवीलाही तिच्याच चालीनं चालावं लागतं. नियमच आहे तसा.”

“अस्सं.”

“म्हणून जुनी काढतो. एकट्या सोळात सगळं मावतं. नवी एकटी कशी पळते, बघाच तुम्ही!”

मग तो आप्पांच्या जवळ सरकला.

“आणि आप्पा... अजून एक.”

“बोल.”

“चिदानंदचंही तेच आहे. एक पान उलटायला मिनिटभर लावतो. मी आपला बसून राहतो. त्याला गोठ्याकडं पाठवा. पोथ्यांचं मी एकटा बघतो. दिवाळीच्या आत संपवतो!”

आप्पांनी हातातलं फडकं पुढ्यात अंथरलं.

रेवण अगदीच खोटं बोलत नव्हता. चिदानंद हळू होता, खरंच हळू. पण पोथ्यांपाशी बसणं हेच त्याचं सुख होतं. गोठ्याकडे जा म्हटलं असतं, तर “बरं” म्हणून गेला असता आणि कुणी बघत नसताना रडला असता. हे आप्पांना ठाऊक होतं. रेवणला नव्हतं.

“आधी रॅम,” आप्पा म्हणाले. “मग चिदानंद.”

“आत्ता दाखवतो!”

“दोन्ही असताना एक पोथी जुळवायला किती वेळ लागला?”

“अकरा मिनिटं. सकाळी मोजलंय.”

“तीच पोथी. आता एकटीनं.”

रेवणने खोलीच्या कोपऱ्यातला संगणक बंद केला, जुनी पट्टी काढून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती फडक्यावर ठेवली, कोनाड्यातलं घड्याळ आणलं आणि मांडीवर घेतलं.

“आठ मिनिटांत संपणार. लावता पैज?”

“मठात?”

रेवण हसला. पडद्यावर पानं जुळू लागली.

आठ मिनिटं झाली.

नऊ.

“आता होईल...”

अकरा झाली. रेवण खुर्चीतून उठला.

बारा.

“आप्पा, काहीतरी चुकलं. परत करू?”

“चालू दे.”

चौदा मिनिटं लागली.

रेवणने परत केलं. चौदा.

त्याने फडक्यावरची जुनी पट्टी उचलली, नवीच्या सोबत बसवली, पुन्हा तीच पोथी लावली. या वेळी मात्र पैजेची भाषा नव्हती. नखं खात उभा होता.

अकरा.

“असं कसं?”

आप्पांनी खांदे उडवले. त्यांना काय कळणार!

रेवणने मोबाइल काढला. तोच व्हिडिओ लावला, ज्याच्यावरून तो सगळं शिकला होता. पुढं सरकवला, मागं आणला, कानाला लावून ऐकला. आणि खाडकन कपाळावर हात मारला.

“आप्पा! दोन पट्ट्या असल्या की दोन वाटा होतात! संगणक दोन्हींकडून एकदम उचलतो! एकच असली की एकच वाट. मग ती कितीही जलद असो! यात सांगितलं होतं, आप्पा, मीच तेवढं पुढं ढकललं होतं!”

तो खोलीभर फिरला. नवा नियम सापडल्याचा आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता.

“म्हणजे ती हळू असली तरी... ती आहे म्हणून नवीला...”

वाक्य तिथंच राहिलं. रेवणचे कान लाल झाले.

आप्पा पोथी फडक्यात बांधत होते.

“आप्पा.”

“हं.”

“गोठा नको. राहू दे चिदानंद माझ्याबरोबर.” आणि आवाजात पुन्हा तोच उत्साह आला. “दोघं मिळून करतो! आत्ताच सांगून येतो त्याला!”

तो उंबरठ्यापर्यंत पोचलासुद्धा.

“रेवण.”

“जी, आप्पा?”

“सांगू नकोस.”

रेवण वळला.

“विचार त्याला... तुझ्याबरोबर काम करायला तो तयार आहे का.”