जनावरांचं माहेर

खूप उत्तरेला, जिथे वर्षातले सात महिने जमीन डोळ्यांना दिसतच नाही, तिथे नदीकाठच्या एका गावात एक रखवालदार राहत होता. गावामागे मोठं जंगल होतं. सुईसारख्या पानांची, काळपट हिरवी, सरळसोट झाडं. बर्फ पडला की ती खांदे पाडून गुपचूप उभी राहायची. त्या जंगलाची राखण या रखवालदाराकडे होती.

तसा तो फार भिडस्त माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिची लोकर उपटत बसायचा. पण जंगलात त्याचाच शब्द चाले. गावाची रीतच तशी होती. झाड तोडायचं झालं, तर आधी रखवालदारानं चुलीतल्या काजळीत अंगठा बुडवून खोडावर ठसा उमटवायचा. ठसा असेल त्याच झाडावर कुऱ्हाड पडे. ठसा नसलेल्या झाडाला कुणी नखही लावत नसे.

गाव जगायचं ते रेनडियर नावाच्या हरणांवर. त्यांचं दूध, त्यांचं कातडं, त्यांनीच बर्फावरून ओढलेल्या घसरगाड्या. तीनशे जनावरांचा कळप होता, सगळ्या गावाचा मिळून एक. हिवाळ्यात ही जनावरं खुरांनी भुसभुशीत बर्फ उकरायची आणि खाली जमिनीवर वाढलेलं पांढरं दगडफूल खायची. आपण मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचंच हे उत्तरेकडचं भावंड.

जंगलाच्या मधोमध दोनेकशे झाडं फार जुनी होती. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या आजोबांनीही ती म्हातारीच पाहिली होती. त्यांच्या फांद्यांवरून राखाडी झुपके लोंबायचे, अगदी दाढीसारखे. तेही दगडफूलच, पण झाडावर वाढणारं. या झाडांवर आजवर एकही ठसा उमटला नव्हता. रखवालदाराला त्याच्या बापानं सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापानं, "दाढीवाल्यांना अंगठा लावायचा नाही." का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि यानंही कधी विचारलं नव्हतं.

हिवाळा सरत आला की कळपातली सगळ्यात वयस्क मादी, एक शिंग मोडलेली, न चुकता त्या झाडांकडे चालू लागायची. तिच्या मागून सगळा कळप. वाऱ्यानं खाली पडलेले झुपके खात जनावरं तिथे चार दिवस काढायची. लोक हसायचे.

"निघाली बघा म्हातारी माहेरपणाला!"

असं म्हणता म्हणता त्या जागेला नावच पडलं, माहेर.

अलीकडे मात्र हिवाळा पूर्वीचा राहिला नव्हता. दूरच्या मुलखांत कारखान्यांची हजारो धुरांडी पेटली होती आणि त्यांची ऊब न बोलावता इथवर येऊन पोचली होती. गावाला धुरांडी ठाऊक नव्हती. गावाला एवढंच दिसत होतं की नदी उशिरा गोठते आणि लवकर फुटते.

कळपाचं उन्हाळ्याचं कुरण नदीपलीकडे होतं. दरवर्षी हिवाळा संपायच्या आत कळप गोठलेल्या नदीवरून पलीकडे न्यायचा आणि पुढचा हिवाळा लागला की परत आणायचा. त्या वर्षी कळप सुखरूप पार झाला, पण शेवटच्या घसरगाडीखाली बर्फ फुटला. गाडीवर गावातल्या सुताराचा धाकटा भाऊ होता. रखवालदारानं काठावरून दोर फेकला. दोर त्याच्या हातापासून दोन वितींवर पडला.

पाचव्या दिवशी गावाची बैठक बसली.

"आता पूल हवा," सुतार म्हणाला. त्याचे डोळे अजून सुजलेले होते. "नदीचा भरवसा राहिला नाही. पण पुलाला लांब, जाड ओंडके लागतात, आणि तसले फक्त माहेरात आहेत."

"पलीकडच्या डोंगरावर झाडं आहेत की," गावचा कारभारी म्हणाला.

"ती बारीक आहेत, या जंगलातली बाकीचीही. दोन-दोन जोडून घ्यावी लागतील. तीन उन्हाळे जातील. तोवर कळप नेताना वरच्या अंगाच्या उथळ पाण्यातून वळसा घालायचा, चार दिवसांचा. माहेरची झाडं मिळाली तर हिवाळ्याआधी पूल उभा करून देतो."

सगळ्यांच्या नजरा रखवालदाराकडे वळल्या. त्याची टोपी हातात आली.

"दाढीवाल्यांना अंगठा लावत नाहीत," तो म्हणाला.

"का?"

"बाप सांगायचा."

"बाप का सांगायचा?"

रखवालदार लोकर उपटत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "दाढी बघून भ्यायला असेल!" आणि माणसं हसली.

सुतार हसला नाही. तो हळूच म्हणाला, "दादा, माझ्या भावाला दोर तुम्हीच टाकला होता. पुढच्या वर्षी आणखी कुणाला टाकायचाय?"

कारभारी म्हणाला, "आपण काही जंगल बुडवत नाही. एका झाडामागे दोन रोपं लावू. म्हणजे झाडं वाढतीलच, कमी नाही होणार."

"उद्या सांगतो," एवढंच बोलून रखवालदार उठला.

घरी बायको चुलीपुढे बसली होती. गावातली बातमी तिच्यापर्यंत नवऱ्याआधीच आली होती.

"काय ठरलं मग? लावणार अंगठा?"

"कारण विचारतात गं. माझ्याकडे कारण नाही. त्याच्याकडे बुडालेला भाऊ आहे."

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आईनं सांगितलं होतं, चुलीमागची ती वाकडी वीट हलवू नकोस. का, ते नाही सांगितलं. मी शहाणी! दुसऱ्या दिवशी वीट काढून सरळ बसवली. मग सगळा हिवाळा धूर खाल्ला. आठवतंय ना?"

"विटेचं निराळं."

"हो, निराळं आहे. वीट परत वाकडी बसवता आली."

रखवालदारानं चुलीत एक लाकूड सारलं. तीन उन्हाळे थांबा, वळसा घाला, मी स्वतः जोडओंडके वाहायला येतो, असं त्याला गावाला सांगता आलं असतं. मनात तो ते दहा वेळा बोललाही. पण प्रत्येक वेळी सुताराचे सुजलेले डोळे समोर यायचे आणि 'का?' हा प्रश्न. आपल्याला कारण ठाऊक नाही, म्हणजे कारण नसेलच, अशी त्यानं शेवटी मनाची समजूत घातली.

सकाळी तो काजळीची वाटी घेऊन माहेरात गेला. पहिल्या झाडाजवळ वाकला तेव्हा वरचा एक झुपका त्याच्या गालाला लागला, म्हाताऱ्या माणसानं गालावरून हात फिरवावा तसा. तो क्षणभर थांबला. मग त्यानं अंगठा टेकवला. अर्ध्यावर काजळी संपली म्हणून तो घरी आला, तर बायकोनं त्याच्याकडे न बघता दुसरी वाटी पुढे सरकवली.

कुऱ्हाडी महिनाभर चालल्या. पडलेल्या झाडांच्या दाढ्या गुडघाभर साचल्या. मऊ मऊ म्हणून बायकांनी त्या वाळवून उशांत भरल्या, उरल्या त्या चुली पेटवायला घेतल्या. खुंटांच्या मधल्या जागेत चारशे रोपं लागली. पोरांनी पाणी घातलं. बोललेला शब्द गावानं मोडला नाही, हेही सांगायला हवं.

आणि पूल झाला! असा पूल त्या नदीनं कधी पाहिला नव्हता. हिवाळ्याच्या तोंडी तीनशे जनावरं त्यावरून परत आली, तेव्हा खुरांचा आवाज ढोल वाजावेत तसा घुमला आणि बराच वेळ थांबेचना. सुतार कठड्याला धरून रडला. रखवालदाराला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

मग ऐन थंडीत, नदी दगडासारखी असायला हवी त्या दिवसांत, पाऊस पडला.

दोन दिवस आणि दोन रात्री. बर्फावर पाणी, पाण्याखाली बर्फ. तिसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी परतली आणि सगळी जमीन काचेसारख्या जाड थराखाली बंद झाली. जनावरं खुरांनी उकरायला गेली, तर खूर घसरले. पुन्हा उकरलं, तर खुरांतून रक्त आलं. खालचं पांढरं दगडफूल तिथेच होतं, वीतभर खोल, पण ते मिळणार कसं?

गाव कुऱ्हाडी घेऊन धावलं. बर्फ फोडत राहिलं. दिवसभर फोडून वीस-बावीस जनावरांपुरतं निघायचं. तीनशे तोंडं वाट बघत उभी असायची.

सहाव्या सकाळी एक शिंग मोडलेली म्हातारी वळली आणि जंगलाच्या दिशेनं चालू लागली.

"हिला काय झालं?" एक जण म्हणाला. "हिवाळा सरायला अजून दोन महिने आहेत. आत्ताच कसलं माहेरपण?"

रखवालदार मात्र जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. त्याला कारण कळलं.

ज्या वर्षी जमिनीवरचं ताट असं झाकलं जातं, त्या वर्षी जेवण झाडांवर वाढून ठेवलेलं असतं. पण ते जुन्या झाडांवरच. दगडफूल मुंगीच्या पावलानं वाढतं. एवढी दाढी यायला झाडाचं वय दोन माणसांच्या आयुष्याएवढं व्हावं लागतं. पूर्वी असा पाऊस तीन-चार पिढ्यांतून एकदा पडत असेल. पाहिलेली माणसं गेली, कारण त्यांच्याबरोबर गेलं, आणि नियम तेवढा मागे उरला. लेकीबाळी माहेरी जातात त्या काय फक्त लाडासाठी? सासरी ताट बंद झालं तर जायला एक दार असावं म्हणूनही असतं ना माहेर!

तो कळपाच्या मागून पळत गेला. पोचला तेव्हा म्हातारी खुंटांमध्ये उभी होती. एका खुंटाला नाक लावलं. मग दुसऱ्याला. मग मान वर करून, जिथे फांद्या असायच्या तिथे, ती नुसतीच बघत राहिली. तिच्यामागे सगळा कळप उभा होता. एकही जनावर ओरडलं नाही. बर्फाच्या थरातून चारशे रोपांचे बोटभर शेंडे वर आले होते.

रखवालदार धावत घरी आला आणि त्यानं स्वतःची उशी फाडली.

बायकोनं पाहिलं, तिला सगळं उमगलं. तिनं आपली उशी फाडली आणि दारोदार ओरडत सुटली, "उशा आणा गं! उशा आणा!" त्या दिवशी गावात एक उशी शाबूत राहिली नाही. सुतारानं भावाच्या जुन्या अभ्र्यात दाढी भरून जपून ठेवलेली उशीही आणली आणि स्वतःच्या हातानं ती म्हातारीपुढे रिकामी केली.

तीन दिवस पुरलं ते. ज्याच्या तिप्पट चुलीत गेलं होतं, ते.

पुढचं सांगायला जड जातं. जनावरं बसू लागली. बसलेलं जनावर उठायचं नाही. म्हातारी माहेरातच बसली, एका रुंद खुंटाला टेकून. रखवालदार तिच्यापाशी बसून राहिला. तिचा श्वास थांबल्यावर त्यानं पाहिलं, तिच्या ओठाला राखाडी दगडफुलाचा एक धागा चिकटलेला होता. तो त्यानं काढून टोपीत ठेवला.

हिवाळा संपत आला तेव्हा कळप पुन्हा पलीकडे न्यायची वेळ झाली. पूल जसाच्या तसा होता, एक खिळा हललेला नव्हता. अडतीस जनावरं त्यावरून गेली. या वेळी ढोल वाजला नाही. एकेक खूर वेगळा ऐकू येत होता.

कठड्याजवळ सुतार खाली मान घालून उभा होता.

"दादा, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," रखवालदार म्हणाला. "आणि का, ते शोधायला हवं होतं."

मग तो एकटा डोंगरावर गेला आणि तिथल्या एका कोवळ्या झाडाच्या फांदीला त्यानं टोपीतला तो धागा बांधला.

आता तो रखवालदार फार म्हातारा झाला आहे. दरवर्षी तो गावच्या पोरांना त्या झाडाकडे नेतो, नियम सांगतो आणि नियमाचं कारणही सांगतो. सांगताना टोपी हातात घेत नाही. त्या फांदीवरची दाढी अजून करंगळीएवढीच आहे.

मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "आजोबा, पुरेशी वाढायला किती वर्षं लागतील?"

"तुझ्या नातवंडांना दिसेल, बाळ."

"आणि तसा पाऊस पुन्हा कधी येईल?"

म्हाताऱ्यानं आभाळाकडे पाहिलं. पूर्वी पिढ्यांतून एकदा येणारा तो पाऊस त्यानंतर दोनदा येऊन गेला होता. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

तात्पर्य: जुन्या नियमाचं कारण कळत नसेल, तर ते आधी शोधावं आणि मगच कुऱ्हाड उचलावी, एका दिवसात पडलेलं झाड आपल्या पश्चात्तापानं उभं राहत नाही, आणि रोप लावलं म्हणून भुकेलेल्याला थांबता येत नाही.