कांडाल तेवढा भात
सागरगडचे महाराज दुपारी तुपानं माखलेला पांढराशुभ्र भात चारचार वेळा वाढून घेत आणि तिन्हीसांजेपर्यंत घोरत. पोट सुटलं, जिना चढताना धाप लागू लागली. राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांनी निदान केलं, "भात म्हणजे विष! संस्थानात त्याची शेतीच बंद करा." महाराजांनी हुकूम लिहायलाही सांगितला.

कोकणातली रयत हादरली. खाचरांत दुसरं पिकणार तरी काय? तेवढ्यात मुदपाकखान्यातली मैनाक्का पदर खोचून थेट दरबारात आली.

"शास्त्रीबुवा, परवा तुमचं पोट बिघडलं, तेव्हा माझ्याकडून काय मागवलंत?"

"मऊ भात," शास्त्री पुटपुटले. "पचायला हलका असतो."

"म्हणजे तुमच्या पोटात औषध आणि महाराजांच्या पोटात विष?"

दरबारात खसखस पिकली. महाराज म्हणाले, "मग आमचं पोट कशानं सुटलं?"

"कोंडा कोंबड्यांना जातो, मेहनत कांडणाऱ्या बायका करतात आणि तुमच्या पानात नुसता पांढरा भात येतो. महाराज, उद्यापासून हवा तेवढा खा, पण स्वतः कांडलेलाच!"

महाराज इरेला पेटले. दुसऱ्या दिवशी मुसळ चालवता चालवता घामाघूम झाले. तांदूळ अजून तांबूसच होता, तोही जेमतेम मूठभर. तेवढाच त्यांनी आमटी-भाजीबरोबर चवीनं खाल्ला.

तीन महिन्यांत कमरपट्टा सैल झाला. महाराजांनी भर दरबारात तो हुकूम फाडला. शास्त्री कुत्सितपणे म्हणाले, "हे औषध कोणत्या ग्रंथात सापडलं गं?"

मैनाक्का म्हणाली, "ग्रंथ चाळून नाही हो, मुसळ उचलून सापडलं!"