सुवेला नगरीची तिसरी हाक

एका राज्यात, धूम्रगिरी डोंगराच्या पायथ्याशी, सुवेला नावाची नगरी होती. तिथल्या राजकन्येला एके सकाळी चूळ भरताना विहिरीचं पाणी कोमट लागलं. नाव तिचं सौदामिनी. पण ती स्वतःच्या शिंकेलाही दचकायची.

"तात, पाणी तापलंय! डोंगर कण्हतोय!"

"काल मांजरानं जांभई दिली, तेव्हाही प्रलय आला होता," राजा विक्रमबाहू स्नानगृहात शिरत म्हणाले. "जा, नदीचं गार पाणी पिऊन ये."

ती वेशीबाहेरच्या नदीवर पोचते न पोचते तोच डोंगर गरजला, "सुवेलावासी हो!" आणि पुन्हा एकदा, "सुवेलावासी हो!"

कुणी ओ दिली नाही. भुतं दोनच हाका मारतात, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, ही नगरीची रीत.

"पोटातली आग सांगायला हाक मारली, तर हा अपमान?" म्हणत डोंगरानं राख ओकली. सारी नगरी पुतळा झाली. भटारी पावासकट, कुत्रा साखळीसकट, राजा पाठ चोळता चोळता.

झाडावरचा भारद्वाज म्हणाला, "राजकन्ये, चढ. आता तूच उरलीस."

ती रडत रडत चढली. डोंगर म्हणाला, "माझ्या ओठावरचा निखारा विझव. कपाळावरची राख पूस. आणि सूर्यास्ताआधी नगरीतल्या एकाची तरी ओ मिळव. मिळाली तर शाप सुटेल. नाही तर सारे कायमचे दगड."

पहिली दोन कामं तिनं डोळे मिटून उरकली.

मग ती स्नानगृहात आली. "तात!" छतावरून राख घसरली. सौदामिनी थेट वेशीपाशी.

"सलग तीन हव्यात! पळालीस की हाका पहिल्यापासून!" भारद्वाज ओरडला.

पुन्हा आली. "तात! तात!" तिचाच आवाज घुमून परत आला. पुन्हा वेस.

"अगं, भित्रेपणाचं काही माप?"

"हिणवू नका हो! पाय माझे असले तरी माझं ऐकत नाहीत."

सूर्य टेकला. सौदामिनीनं आपली लांबसडक वेणी स्नानगृहाच्या खांबाला करकचून बांधली.

"तात!" भिंत तडकली. ती पळाली, वेणीनं मागे खेचलं.

"तात!" पायाखालची जमीन हलली. तिनं किंकाळी फोडली, पण जागची हलली नाही.

"ता...त!"

राजाच्या नाकावरची राख थरथरली. "ओ!" राजा बोलले, आणि बाहेर कुत्रा भुंकला.

"आलो, आलो! पण बाळे, खांबाला कुणी बांधलं तुला?"