दगडावर ठेवलेला कॅमेरा

“म्हणजे माझा हात थरथरला, तरी चित्र हलणार नाही म्हणतेस?”

“काढूनच बघा ना, बुवा!” मंजिरी म्हणाली. “हात कापायला तुमच्यासारखा नामी माणूस मला सगळ्या पुण्यात सापडला नसता.”

धुंडीबुवा खळखळून हसले. बोरटेकडीच्या मठातला हा म्हातारा गोसावी बशीत चहा ओतायचा, तेव्हा निम्मा अंगावरच्या छाटीवर सांडायचा. मंजिरी धायगुडे पायथ्याच्या गावातली. लहानपणी मठाच्या पायऱ्यांवर बसून तिनं बुवांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. आता ती पुण्यात कॅमेऱ्यांवर संशोधन करत होती, आणि सहा वर्षं खपून तिनं हा कॅमेरा घडवला होता.

सभामंडपात भरदुपारीही उजेड बेताचाच. समोरच्या खांबावर एक हत्ती कोरलेला. अशा अंधुक जागी कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात हलला की चित्राचा पार लगदा.

बुवांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला. हात लटपटत होते. त्यांनी बटण दाबलं.

हत्ती असा उमटला की सोंडेवरची एकेक छिन्नीखूण दिसावी.

“भले शाब्बास!” बुवा म्हणाले.

मंजिरीला तेच हवं होतं. खोटं कशाला बोला, आशीर्वाद हे निमित्त. ती वाट वाकडी करून आली होती कौतुक ऐकायला.

“आत एक इवलासा सेन्सर आहे, बुवा. हात डावीकडे गेला की त्याला कळतं, की लगेच तो भिंगाला उजवीकडे सारतो. हात खाली तर भिंग वर. जीपच्या टपावर तपासला, होडीत तपासला, उसाच्या ट्रॉलीवर बसून तपासला. कुठ्ठे म्हणून हरला नाही!”

“आणि न हलणाऱ्या जागी?”

“तिथं काय तपासायचं? तिथं कुणाचाही फोटो चांगला येतो.”

बुवा उठले. कॅमेरा नेऊन दगडी ओट्यावर ठेवला. तोंड हत्तीकडे केलं, आणि लांब जाऊन बसले.

“आता त्याचा त्याला काढू दे.”

म्हाताऱ्याची हौस म्हणून मंजिरीनं टायमर लावला आणि तीही मागं सरली. कॅमेऱ्यानं आपला आपण फोटो काढला.

तिनं पाहिलं. हत्तीला दोन सोंडा फुटल्या होत्या.

पुन्हा काढला. आणखी बिघडला.

“कुणी हलवला?”

“कोण हलवणार, बाई? मी इथं, तू तिथं. आणि तो ओटा माझ्या गुरूच्या आधीपासून तिथंच आहे.”

उद्या सकाळी पुण्यात चाचणी होती. ज्या कंपनीनं सहा वर्षं पैसा पुरवला, तिची माणसं येणार होती. कॅमेरा चाचणीत उतरला तर बाजारात. नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप, तिच्याबरोबरची पोरं घरी, आणि ‘बाईंना जमलं नाही’ हे वाक्य जन्माला पुरणारं. ती माणसं कॅमेरा आधी कशावर ठेवतील? ट्रायपॉडवर! ती माणसं काय उसाची ट्रॉली घेऊन येणार होती?

इतके दिवस त्याला हलवण्याच्या नादात, त्याला एकदा गपगुमान ठेवून बघावं हे तिच्या की पोरांच्या, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शहाणी माणसं! घर शाकारलं आणि दार बसवायचं विसरली.

ती बुवांकडे वळली. “बुवा, काय चुकलं हो?”

“मला काय विचारतेस? त्याला विचार.”

“चेष्टा नका करू. माझा जीव चाललाय इथं.”

“चेष्टा कुठं करतोय? कान लाव त्याला.”

तिला रागच आला. पण गेली. ओट्यापाशी गुडघे टेकले आणि कॅमेऱ्याला कान लावला.

आत काहीतरी गुरगुरत होतं. अगदी बारीक, पण अखंड.

“भिंग फिरतंय…” ती पुटपुटली. “हलत तर काहीच नाही. मग हा करतोय काय?”

“काम करतोय बिचारा,” बुवा म्हणाले.

“कसलं काम? थरथर नाहीच आहे!”

मंजिरीनं पुन्हा कान लावला.

“अगं आई गं!” ती एकदम ओरडली. “बुवा, सेन्सरची स्वतःची म्हणून एक कुरकुर असते, आतल्या आत. हाताच्या थरथरीत ती बुडून जाते. इथं दुसरं काहीच नाही, म्हणून हा तिलाच थरथर समजतोय. तिला आवरायला भिंग हलवतो, भिंगाच्या हालचालीनं स्वतःच हलतो, की पुन्हा आवरायला धावतो. आम्ही याला थरथर शोधायला शिकवलं. सापडली नाही की हा ती घरीच करतो!”

“असं होय,” बुवा म्हणाले, आणि चुलीकडे गेले.

तिनं लॅपटॉप उघडला. उपाय साधा दिसत होता. बारीकसारीक हालचालीकडे दुर्लक्ष कर, असं कॅमेऱ्याला सांगितलं. ओट्यावर ठेवला. हत्ती लख्ख! मंजिरीनं टाळी वाजवली. मग श्वास धरून स्वतःच्या हातात कॅमेरा घेतला आणि फोटो काढला.

धुरकट.

तिचा हात तरणा, थरथर बारीक. कॅमेऱ्यानं तिच्याकडेही दुर्लक्ष केलं होतं.

“घ्या! दगड सांभाळावा तर हात जातो, हात सांभाळावा तर दगड. लहान थरथर सोड म्हटलं, तर हा माझी पण सोडतोय.”

चुलीपाशी पिठलं घोटता घोटता बुवांनी मान वर केली. “माणसं काय उंची मोजून ओळखतेस होय गं?”

“उंचीवरून नाही…” म्हणत मंजिरी लॅपटॉपकडे वळली.

तिनं भिंगाची हालचाल बंद केली. सेन्सरला काय जाणवतं, त्याची रेघ पडद्यावर आणली. आधी ओट्यावरची, मग स्वतःच्या हातातली. दोन्ही सारख्याच बारीक. पण हातातल्या रेघेला लय होती. श्वासाबरोबर ती फुगत होती, आणि मधूनमधून नाडीचा ठोका पडत होता. ओट्यावरची रेघ नुसतीच चरचरत होती.

“बुवा, हात कितीही स्थिर धरला तरी त्यात ठोका असतो!”

“असायलाच हवा. नसला तर चौघं बोलवावी लागतात.”

तिला हसू फुटलं. हसत हसतच तिनं नवी आज्ञा लिहिली. थरथर केवढी आहे ते बघू नकोस, कुणाची आहे ते बघ. ठोका लागला तर धाव. नाही लागला… तर काही करू नकोस.

ओट्यावर ठेवला. लख्ख.

तिच्या हातात. लख्ख.

बुवांच्या लटपटत्या हातात. लख्ख!

“जमलं! बुवा, जमलं!” तिच्या आरोळीनं मंडपातले पारवे फडफडत बाहेर पळाले. पिठलं तिनं उभ्या उभ्याच खाल्लं आणि गाडी पुण्याकडे पिटाळली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलता कलता गाडी पुन्हा टेकडीखाली आली. मंजिरी पायऱ्या चढली कसली, उडतच आली.

“उतरला, बुवा! पास! त्यांनी पहिल्यांदा ट्रायपॉडवरच ठेवला. आणि काय फोटो आला म्हणता! मग हातात घेतला, मग धावत्या गाडीत नेला. शेवटी त्यांचा मोठा साहेब विचारतो, बाई, तुमच्या कॅमेऱ्यात जगावेगळं असं काय आहे?”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, गरज नसताना गप्प कसं बसावं हे त्याला कळतं. साहेब उभा राहिला, बुवा. सगळेच उभे राहिले! माझी पोरं तर रडायलाच लागली. आता आपला कॅमेरा, इथं घडलेला, देशभर जाणार!”

बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“हा पहिला तुमचा,” म्हणत तिनं कॅमेरा त्यांच्या हातांत ठेवला. “आता माझा एक फोटो काढा. आजचा.”

ती खांबापुढं उभी राहिली. म्हणजे उभी कसली, पाय जमिनीवर ठरतील तर ना! एका पायावरून दुसऱ्यावर उड्या, हात वर, तोंडाला खळ नाही, मध्येच गिरकी. बुवांनी त्यातच बटण दाबलं.

ती धावत येऊन त्यांच्या खांद्यावरून वाकली आणि तिचा चेहरा पडला.

मागचा खांब स्वच्छ होता. त्याच्यावरची एकेक छिन्नीखूण जागच्या जागी होती. पण खांबापुढं मंजिरी कुठंच नव्हती. चारपाच हात, एक उडालेली वेणी आणि नुसता पिवळ्या ओढणीचा भडका.

“अरे देवा… बुवा, पुन्हा बिघडला का हो?”

बुवांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ नेला.

“छे गं, हललीस तूच,” ते म्हणाले. “जिंकलेलं माणूस असंच दिसतं.”